झुरळं कोणाच्या हद्दीतली?

खिळा ठोकायला फार अक्कल लागत नाही, असं जावकसाहेबांचं मत होतं. बायकोला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर किल्ल्या अडकवायची पट्टी हवी होती. तीन महिने मागे लागल्यावर एका रविवारी सकाळी साहेब स्टुलावर चढले, खिळा धरला, हातोडी उगारली आणि पहिल्याच घावात खिळा डोक्यासकट आत गेला. नुसता गेला नाही, आत कुठेतरी खाली पडल्याचा आवाजही आला.

"बघ! एका फटक्यात," साहेब म्हणाले.

"ते दिसलं. खिळा कुठाय?" बायकोने विचारलं.

साहेबांनी भोकात बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याबरोबर चौकटीचा वीतभर तुकडा निघाला, आणि वरचा रंग तेवढा कागदासारखा लोंबत राहिला. आत लाकूड नव्हतंच. आत ओली माती होती आणि त्या मातीत तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव लगबगीने चालले होते. उजेड पडल्यावर ते क्षणभर थांबले. जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर आलेल्या माणसाकडे कारकून जसे बघतात, तसं त्यांनी साहेबांकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले.

जावकसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नगरपालिकेत जावक नोंदवहीच्या टेबलावर ते सव्वीस वर्षं बसत होते. पालिकेतून बाहेर पडणारा प्रत्येक कागद, मग ती नोटीस असो, नकार असो, खुलासा असो की खुलाशाला दिलेला नकार असो, त्यांच्या वळणदार अक्षरात नोंद होऊन आणि नंबर घेऊनच बाहेर पडायचा. त्यामुळे खरं नाव फक्त पगारपत्रकावर आणि लग्नाच्या जुन्या पत्रिकेत उरलं होतं.

"वाळवी," बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. घर बांधून पुरती तीन वर्षंही झाली नव्हती.

"मी सांगितलं होतं की नाही?" खुर्चीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "भिंतीतून खरखर ऐकू येते म्हणून. तर जावईबापू म्हणाले, आईंचे कान गेले."

साहेबांनी तो विषय तिथेच थांबवला. "हे बघा, ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाता कामा नये," ते गंभीरपणे म्हणाले. घराला वाळवी लागणं यात खरं तर साहेबांचा काही दोष नव्हता. पण माणसाच्या घराला वाळवी लागली की लोक घराकडे न बघता माणसाकडे बघतात, हे त्यांना ऑफिसच्या अनुभवावरून माहीत होतं.

गोष्ट खोलीच्या बाहेर जायला साधारण पाच मिनिटं लागली. कारण कुंपणाच्या भिंतीपलीकडे कंडक्टर राहायचे.

कंडक्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज अजून नोकरीतच होता. भरलेल्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताने ते बोलायचे. शिवाय तीस वर्षांच्या सवयीमुळे चार माणसं दिसली की ते आधी मोजायचे, मग बोलायचे. दोन्ही घरांचा घरोबा होता. रोज संध्याकाळी त्या भिंतीवर दोन कप ठेवून दोघे दोन बाजूंना उभे राहात आणि जगाची व्यवस्था लावत.

"साहेब! हातोडीचा एकच आवाज आला. दुसरा का नाही आला?" भिंतीवरून प्रश्न आला. साहेबांनी उत्तर द्यायच्या आत कंडक्टर आत येऊन चौकटीसमोर उभे होते. "वाळवी!" ते म्हणाले, आणि ते शेवटच्या बाकाला ऐकू गेलं.

दुपारपर्यंत अर्धी वसाहत चौकट बघून गेली. प्रत्येकाने एकेक बोट घालून बघितलं, त्यामुळे भोकाचा खड्डा झाला आणि खड्ड्याचं कपाट व्हायच्या बेतात आलं. कोणी म्हणालं रॉकेल ओता. कोणी म्हणालं रॉकेल ओतू नका, मीठ भरा. एका बाईंच्या भावाच्या घरी नुसता गरम पाण्याचा मारा केल्यावर वाळवी गेली होती. चौकशीअंती असं कळलं की घरही गेलं होतं, पण ते वेगळ्या कारणाने.

संध्याकाळी तात्या आले. वसाहतीची सगळी जमीन मुळात तात्यांची. विकून दहा वर्षं झाली तरी ते रोज एक फेरी मारून आपली जमीन नीट सांभाळली जातेय ना, ते बघून जात.

"इथं वाळवी निघणारच," तात्या शांतपणे म्हणाले. "तुमचा ओटा आहे ना, बरोबर तिथं वारूळ होतं. माझ्या खांद्याला लागायचं."

"अहो, मग प्लॉट विकताना सांगायचं नाही का?"

"तुम्ही पाण्याचं विचारलंत, रस्त्याचं विचारलंत. वारुळाचं कुठं विचारलंत?" तात्यांनी चौकटीत डोकावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जुने शेजारी भेटल्याचा भाव आला. "आणि साहेब, त्यांच्या बाजूनं बघा की. त्या बिचाऱ्यांना वाटत असेल, आपल्या घरात माणसं झालीत."

*

नगरपालिकेची 'कीटकमुक्त घर' नावाची योजना होती. हद्दीतल्या घरांना पालिकेतर्फे औषध मारून मिळायचं. साहेबांनी स्वतः या योजनेची चारशे परिपत्रकं नोंदवून बाहेर पाठवली होती, त्यामुळे आपला अर्ज म्हणजे घरचंच काम, अशा थाटात ते सोमवारी आरोग्य विभागात गेले. तिथला कारकून चष्मेवाला म्हणून ओळखला जायचा, कारण कुठल्याही अर्जावर उत्तर द्यायच्या आधी तो चष्मा पुसायचा. तो पुसून होईपर्यंत निम्मे अर्जदार निघून जात.

साहेब निघून जाण्यातले नव्हते. चष्मा पुसून झाला, डोळ्यांवर चढला. चष्मेवाल्याने भिंतीवरचा हद्दवाढीचा नकाशा उलगडला.

"साहेब, अडचण आहे. ही रेघ बघा. ही हद्द."

रेघ पेन्सिलीची होती आणि चांगली जाड होती. काढणाऱ्याने पेन्सिलीला टोक केलं असतं तर पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला असता. पण तसं झालं नव्हतं, आणि नकाशावरची ती जाड रेघ जमिनीवर उतरवली की तीस फूट रुंद होत होती. त्या तीस फुटांत गल्लीच्या टोकाची दोन घरं अडकली होती. एक साहेबांचं, दुसरं कंडक्टरांचं.

"तुमचा हॉल आमच्याकडे येतो," चष्मेवाला बोट फिरवत म्हणाला. "स्वयंपाकघर ग्रामपंचायतीकडे. वाळवी कुठे आहे?"

"मधल्या दाराच्या चौकटीत."

"मग ती अर्धी-अर्धी झाली."

"तुमच्या अर्ध्या भागाला तरी औषध मारा."

"मारलं असतं हो. पण पत्र आहे." त्याने फायलीतून एक कागद काढला. सीमेवरील घरांबाबत निर्णय होईपर्यंत कोणतीही नवीन सेवा देऊ नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कोपऱ्यात जावक क्रमांक होता, सुंदर वळणदार अक्षरात. साहेबांनी ते अक्षर लगेच ओळखलं. स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. तीन वर्षांपूर्वी हा नंबर घालताना चारच्या आकड्याला आलेली डौलदार शेपटी बघून ते स्वतःवरच खूष झाले होते, हेही त्यांना आठवलं.

ग्रामपंचायतीच्या ग्रामसेवकाने तर अर्ज हातातही घेतला नाही. "हॉल पालिकेत असलेल्या माणसाचं स्वयंपाकघर आम्ही कसं घेणार? उद्या तुम्ही जेवायला इकडे आणि बसायला तिकडे म्हणाल," तो म्हणाला. त्याला हा विनोद फार आवडला असावा, कारण साहेब फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याचं हसणं ऐकू येत होतं.

चार दिवसांनी दुसरी चौकट वाजवून बघितली. तीही पोकळ वाजली. मग बायकोने कपड्यांचं कपाट भिंतीपासून ओढलं, तर कपाट आलं आणि पाठ भिंतीलाच राहिली. तिच्यावर मातीच्या बारीक नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या छतापर्यंत गेल्या होत्या. बायकोने कपाट तिथेच सोडलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या त्या नकाशाचं नंतर बघा. आधी घर वाचवा."

*

खाजगी पेस्ट कंट्रोलवाला आला तो गाडी घेऊन. गाडीच्या दोन्ही बाजूंना वासराएवढं झुरळ रंगवलेलं होतं, उताणं पडलेलं, सहाही पाय वर. खाली लिहिलं होतं, 'एकदा बोलवा, कायमचे घालवा.' साहेबांनी गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर उभी करायला सांगितली होती. पण कंडक्टरांनी रस्त्यात उभं राहून, हात हलवून, "येऊ द्या, येऊ द्या, अजून मागे, बास!" असं करत ती बरोबर साहेबांच्या फाटकात आणून लावली.

पेस्टवाला इस्त्रीचा शर्ट घातलेला, हळू आवाजात बोलणारा सज्जन माणूस होता. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकली, कान लावला, विजेरीने आत बघितलं आणि त्याचे डोळे पाणावले.

"काय काम केलंय!" तो म्हणाला. "साहेब, तुमच्याकडची वसाहत फार शिस्तीची आहे. यांना सुट्टी नाही, संप नाही. अंधारात, कोणी कौतुक करायला नाही, तरी काम चालू."

सव्वीस वर्षं नोकरीत एकदाही कौतुक न झालेल्या साहेबांना उगाचच टोमणा मारल्यासारखं वाटलं. "उपाय सांगा," ते तुटकपणे म्हणाले.

उपाय सोपा होता. भिंतीच्या कडेने फरशीला दर फुटाला एक भोक पाडायचं, त्यातून पंपाने औषध जमिनीत सोडायचं, चौकटीत सुईने भरायचं आणि भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायची. तीन दिवस लागतील. घर रिकामं करावं लागेल.

"किती भोकं?" बायकोने विचारलं.

"दोनशे चाळीस. थोडी इकडेतिकडे."

त्या फरश्या बायकोने अकरा दुकानं फिरून निवडल्या होत्या. एकीवर डाग निघाला म्हणून तिने टेम्पो परत पाठवला होता. तिने पदर खोचला आणि स्वयंपाकघरातली भांडी बाहेर काढायला सुरुवात केली.

संसार बाहेर काढल्यावर कळतं की तो किती आहे, आणि त्यातलं काय कशाला आहे ते मात्र सांगता येत नाही. अंगणात गाद्या आल्या, डबे आले, तीन बंद पडलेले पंखे आले, एका पायाने लंगडं टेबल आलं आणि साहेबांनी 'आता सापडणार नाही' म्हणून जाहीर केलेली छत्री आली. येणारा-जाणारा फाटकाशी थांबून बघत होता. "घर सोडताय का साहेब?" एकाने विचारलं. दुसऱ्याने लंगड्या टेबलाची चौकशी केली. सासूबाईंनी खुर्ची सोडायला ठाम नकार दिला. "मला काही वाळवी लागलेली नाही," असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी कंडक्टर आणि साहेबांनी त्यांना खुर्चीसकट उचलून कंडक्टरांच्या ओसरीत नेऊन ठेवलं. "पुढे सरका, पुढे सरका, आजींना जागा द्या!" कंडक्टर ओरडत होते, आणि समोर कोणीच नव्हतं.

तीन दिवस सगळ्यांनी कंडक्टरांच्याच घरी राहायचं, असं वहिनींनी, म्हणजे कंडक्टरांच्या बायकोने, परस्पर ठरवून टाकलं होतं. वहिनींचं घर स्वच्छतेबद्दल प्रसिद्ध होतं. त्यांच्या ओट्यावर माशी बसायचीच नाही. बसली तर घसरायची, असं लोक म्हणत.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे सतराव्या भोकाला ड्रिल भिंतीच्या कडेला जरा जास्त आत गेलं आणि ओट्याखालून पाण्याचं कारंजं उडालं.

हे पाणी साधं पाणी नव्हतं. ही वसाहत झाल्यावर पहिली दोन वर्षं टँकरच्या मागे धावण्यात गेली होती. बायको सकाळच्या शाळेतली शिक्षिकेची नोकरी सांभाळून बादल्या घेऊन रांगेत उभी राहायची, आणि टँकर आला नाही की भरल्या डोळ्यांनी रिकाम्या बादल्या परत आणायची. मग केव्हातरी, कोणाच्या तरी सहीने, 'तात्पुरती' म्हणून दोन्ही घरांना नळजोडणी मिळाली होती. ते पाणी आता छतावर आपटून डब्यांच्या फडताळावर पडत होतं.

"बंद करा! कॉक कुठाय?" पेस्टवाला पहिल्यांदाच मोठ्याने बोलला.

कॉक गल्लीत, वहिनींच्या कुंड्यांच्या खाली होता. साहेबांनी सात कुंड्या हलवल्या, त्यांतली एक फोडली, आणि कॉक फिरवला. कारंजं थांबलं. त्याबरोबर गल्लीतलं सगळं पाणी थांबलं, आणि पलीकडच्या न्हाणीघरातून एक आरोळी आली. कंडक्टर अंगाला साबण लावून उभे होते. ते तसेच टॉवेल गुंडाळून, एक डोळा मिटून बाहेर आले. त्यांना बघायला गल्लीत अकरा माणसं होती. हा आकडा स्वतः कंडक्टरांनीच नंतर सांगितला.

तरीही त्यांनी मनावर घेतलं नाही. "शेजारधर्म आहे साहेब," ते म्हणाले, आणि कानातला साबण वाळवत बसले.

पेस्टवाल्याला मात्र फार वाईट वाटलं. फुटलेला पाइप त्याने स्वतःच्या खर्चाने जोडून दिला. झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना, त्याने साहेबांच्या स्वयंपाकघराच्या मोरीत झुरळांचं औषधही मारलं. "हे माझ्याकडून," तो म्हणाला.

वाळवीचं काम त्याने चोख केलं होतं, यात शंका नाही. पण झुरळ हा वाळवीसारखा जागेवर मरणारा प्राणी नाही. त्याला वास आला की तो बिऱ्हाड हलवतो. आणि साहेबांची मोरी कुंपणाच्या भिंतीखालून थेट कंडक्टरांच्या न्हाणीघराला जोडलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी न्हाणीघराचं दार उघडलं आणि त्या ओरडल्या. कंडक्टर धावले. साहेब धावले. सासूबाई खुर्चीतूनच "काय झालं, काय झालं?" म्हणू लागल्या. भिंतीवर, बादलीवर, साबणाच्या वडीवर, जिकडे बघावं तिकडे झुरळं होती. सगळी दमलेली दिसत होती. लांबच्या प्रवासाहून उतरलेल्या माणसांसारखी ती मिशा हलवत नवी जागा बघत होती.

कंडक्टर दारात उभे राहून ओठ हलवत होते. मग म्हणाले, "एकोणसत्तर. पिल्लं सोडून."

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला बोलावलं होतं. यांना नव्हतं."

याच्यावर हात जोडून क्षमा मागितली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण चार दिवस अंगणात मांडलेला संसार, लोकांचे प्रश्न, फुटलेला नळ आणि फुटलेली कुंडी या सगळ्याने साहेबांचा स्वाभिमान हुळहुळा झाला होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती आमचीच कशावरून? झुरळावर काय नाव लिहिलेलं असतं?"

वहिनींच्या घरात वहिनींचीच झुरळं असू शकतात, असं म्हणणारा माणूस त्या वसाहतीत आजवर जन्माला आला नव्हता. वहिनी आत गेल्या. कंडक्टर म्हणाले, "उतरा साहेब." तीस वर्षांत बिनतिकिटाच्या माणसाला ते याच आवाजात सांगत असणार.

साहेब आणि बायको त्याच तासाला आपल्या घरी परतले. सासूबाई मात्र आल्या नाहीत. "तिथे औषधाचा वास येतो. शिवाय हिच्या हातचा चहा चांगला असतो," त्यांनी कळवलं. त्यामुळे पुढचे आठ दिवस दोन्ही घरांत भांडण होतं, आणि एका घराची आजी दुसऱ्या घरात होती.

*

कंडक्टरांनी नगरपालिकेत लेखी तक्रार केली. तक्रार मुद्देसूद होती. 'शेजारील घरातून स्थलांतरित झालेली झुरळे: पूर्ण ६९. पिल्ले अर्ध्यात धरलेली नाहीत. गोम: २. फुटलेली कुंडी: १.' त्यावर आरोग्य विभागाने नोटीस काढली, आणि पालिकेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जातो तिथे ती गेली. जावकसाहेबांच्या टेबलावर.

साहेबांनी ती दोनदा वाचली. आपल्या घरातील कीटक शेजारी सोडून सार्वजनिक आरोग्यास बाधा आणल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, असं त्यांना विचारलेलं होतं. टेबलाभोवती हळूहळू सगळा विभाग जमला. कोणाला टाचणी हवी होती, कोणाला तारीख. साहेबांनी कोणाकडेही न बघता नोंदवही उघडली, नंबर घातला, 'कोणास' या रकान्यात स्वतःचं संपूर्ण नाव लिहिलं आणि विषयात 'झुरळे' असं लिहिलं. मग शिपायाने तीच नोटीस उचलून, टेबलाला वळसा घालून, त्यांच्यापुढे धरली.

"साहेब, मिळाल्याची सही."

साहेबांनी सही केली. तीही नेहमीसारखी वळणदार आली. पण घरी गेल्यावर ते जेवले नाहीत.

सुनावणी मुख्याधिकारी मॅडमच्या दालनात झाली. मॅडम नवीन आल्या होत्या आणि त्यांना कामं ताबडतोब संपवायची वाईट सवय होती. एका खुर्चीवर साहेब बसले, एक खुर्ची सोडून कंडक्टर. मधल्या रिकाम्या खुर्चीवर चष्मेवाल्याने नकाशा ठेवला आणि साहेबांनी नोटिशीला दिलेला लेखी खुलासा मॅडमपुढे सरकवला.

"यांचं घर हद्दीत आहे का?" मॅडमनी विचारलं.

चष्मेवाला चष्मा पुसायला लागला. मॅडमनी तो त्याच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. "अर्धं," तो घाईघाईने म्हणाला.

"झुरळं कुठल्या अर्ध्यातून निघाली?"

"स्वयंपाकघरातून. ते बाहेर येतं."

"मग आपला संबंधच नाही. नोटीस रद्द, तक्रार निकाली." मॅडमनी पेन उचललं. साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि कंडक्टरांकडे न बघता बघितलं. कंडक्टरांचा चेहरा पडला होता. साहेबांना वाटायला हवा होता तेवढा आनंद वाटला नाही.

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "एक मिनिट. यांच्या नळाची जोडणी कुठल्या खोलीत आहे?"

चष्मेवाल्याने टेबलावरच्या चष्म्याकडे बघितलं.

"स्वयंपाकघरात," चष्मेवाला म्हणाला.

"हद्दीबाहेरच्या खोलीला आपण पाणी देतोय? कोणी दिलं? ती जोडणी बंद करा. आणि हे शेजारचं घर... हे तर आणखी पलीकडे आहे. दोन्ही बंद करा."

साहेबांना एकदम रिकाम्या बादल्या घेऊन परत येणारी बायको दिसली. सव्वीस वर्षांत मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात ते कधी न विचारता बोलले नव्हते. ते उभे राहिले.

"मॅडम, माझं घर हद्दीत आहे. सगळं. स्वयंपाकघरासकट. आणि झुरळं माझीच होती."

"आत्ता तर खुलाशात तुम्ही म्हणताय की तुमची नव्हती."

"ते मी रागात लिहिलं. माझीच होती. मी त्यांना ओळखतो."

मॅडमनी भुवया उंचावल्या. तेवढ्यात कंडक्टर खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

"खोटं बोलतायत, मॅडम!" तो आवाज बाहेर पोर्चपर्यंत गेला असावा. "झुरळं माझी आहेत. माझ्या न्हाणीघरात जन्मलेली. माझं घरसुद्धा हद्दीतच आहे, पूर्ण, कुंड्यांसकट."

"असं कसं? माझ्या मोरीतून गेली ती," साहेब म्हणाले.

"गेली नाहीत, तिथेच होती. एकोणसत्तर. मी स्वतः मोजलीत."

"मोजली म्हणून तुमची होत नाहीत. निदान निम्मी तरी माझी धरा!"

"बसा!" मॅडम म्हणाल्या. दोघे बसले. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग तक्रार कोणाची आणि कोणाविरुद्ध?"

"आमची," कंडक्टर म्हणाले, "आमच्याविरुद्ध."

मॅडमनी एकदा दोघांकडे बघितलं. त्यांना काय समजलं आणि काय समजून घ्यायचं नव्हतं, ते सांगता येत नाही. पण त्यांनी कागद ओढला आणि स्वच्छ लिहिलं की दोन्ही घरे पालिकेच्या हद्दीत असल्याचे उभय घरमालकांनी मान्य केले असून, दोन्ही ठिकाणी झुरळे आढळल्याने दोघांनाही लेखी समज देण्यात येत आहे. खाली सही केली आणि त्या दोघांच्याही सह्या घेतल्या.

तीन वर्षांत ते घर हद्दीत आहे असं म्हणणारा हा पहिला सरकारी कागद होता. साहेबांनी तो शाई वाळायच्या आत उचलला, धावत आपल्या टेबलाशी नेला आणि त्याला नंबर घातला. एकदा नंबर पडला की मुख्याधिकारीसुद्धा मागे घेऊ शकत नाहीत, निदान त्याला दोन वर्षं लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

परतीच्या वाटेला दोघे बरोबरच लागले. गल्लीचं तोंड आलं तसे कंडक्टर हळू झाले. त्यांचा आवाजही हळू झाला, हे साहेबांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"साहेब, मी सरकारी कागदावर सही करून आलोय की आमच्या घरात झुरळं आहेत. हिला काय सांगू?"

"वहिनींना मी सांगतो. मी म्हणालो ते चूक होतं, तेही सांगतो." साहेब थांबले. "कुंडी आणून देतो."

"कुंडीचं राहू द्या. आधी आजींना घेऊन जा. काल हिला म्हणत होत्या, तुझा चहा हल्ली पातळ झालाय म्हणून."

घरी बायको स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. तिच्याभोवती भिंतीच्या कडेने पांढऱ्या सिमेंटचे ठिपके ओळीने गेले होते, दर फुटाला एक. ती ओल्या फडक्याने एकेका ठिपक्यावरची पूड पुसत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"झुरळं आपली ठरली."

तिने फडकं बाजूला ठेवलं. "आणि घर?"

"तेही."

ती उठली, पातेलं नळाखाली धरलं, नळ सोडला आणि पातेलं काठोकाठ भरून वाहायला लागलं तरी तशीच उभी राहिली.